संघाची ताकद कोणत्या आकड्यांत शोधावी? एनएफएल संघमूल्यमापन प्रकल्पाच्या नोंदी

14 जून 2025

प्रकल्पाचे उद्दिष्ट आज लेखी स्वरूपात ठरवले. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधल्या 32 संघांची खरी ताकद हंगामातल्या कोणत्याही आठवड्यात सांगू शकेल असा एक तक्ता तयार करायचा आहे, आणि त्यात मोजकेच, पण पारखून घेतलेले आकडे ठेवायचे आहेत. माझे सहकारी मिनेसोटात राहतात आणि वायकिंग्ज संघाचे सामने वर्षानुवर्षे पाहत आले आहेत. खेळाची जाण त्यांची आणि संख्याशास्त्राची बाजू माझी, अशी कामाची विभागणी आहे.

कोणताही आकडा तपासण्यापूर्वी तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो हे नोंदवायचे, असा नियम आम्ही घालून घेतला. “या सामन्यात काय घडले?” आणि “हा संघ पुढच्या सामन्यात कसा खेळेल?” हे दोन प्रश्न दिसायला जवळचे असले, तरी त्यांची उत्तरे वेगवेगळ्या आकड्यांत असतात. निसटलेला चेंडू आपल्याच हाती लागला म्हणून संघ जिंकला, हे पहिल्या प्रश्नाचे अचूक उत्तर आहे. दुसऱ्या प्रश्नासाठी त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. आमचा तक्ता दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. म्हणून प्रत्येक आकड्याला दोन कसोट्या लावायच्या आहेत: हंगामाच्या पूर्वार्धातला आकडा उत्तरार्धातल्या त्याच आकड्याशी किती मिळतो, आणि उत्तरार्धातल्या गुणफरकाशी (केलेले गुण वजा दिलेले गुण) त्याचे किती नाते आहे.

नमुना किती लहान आहे, हे मात्र विसरून चालणार नाही. 2021 पासून प्रत्येक संघ नियमित हंगामात 17 सामने खेळतो. प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता नेमकी निम्मी असलेला एखादा संघ घेतला, तर निव्वळ योगायोगाने त्याच्या विजयसंख्येचे प्रमाणित विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा नेहमीचा चढउतार, दोन विजयांहून किंचित जास्त येते. म्हणजेच एकाच ताकदीचे दोन संघ एक 11 विजयांवर आणि दुसरा 6 विजयांवर हंगाम संपवू शकतात, आणि त्यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नसते.

19 जून 2025

सुरुवात यार्डांपासून, म्हणजे चेंडू मैदानावर किती अंतर पुढे नेला या मापापासून केली, कारण आक्रमण आणि बचाव यांची अधिकृत क्रमवारी एनएफएल स्वतः यार्डांवरच लावते. ही क्रमवारी किती अपुरी आहे हे दाखवण्यासाठी 2010 च्या सॅन डिएगो चार्जर्स संघाइतके बोलके उदाहरण सापडणे कठीण. त्या हंगामात हा संघ एकूण यार्डांमध्ये आक्रमणात पहिला होता आणि सर्वांत कमी यार्ड देण्याच्या बाबतीत बचावातही पहिलाच होता; तरीही तो 9 विजय आणि 7 पराभवांवर अडकला आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, पोहोचला नाही.

कारण शोधायला फार खोल जावे लागत नाही. पहिल्याच सामन्यात कॅन्सस सिटीच्या डेक्स्टर मॅकक्लस्टरने पंट (ताबा सोडताना लाथेने दूर मारलेला चेंडू) झेलून 94 यार्ड पळत टचडाउन केला, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे नेला, आणि सामना 21-14 असा गेला. 26 सप्टेंबरला सिअ‍ॅटलमध्ये लिऑन वॉशिंग्टनने दोन किकऑफ (खेळ सुरू करताना लाथेने मारलेले चेंडू) परतवून दोन टचडाउन केले, एक 101 यार्डांचा आणि दुसरा 99 यार्डांचा. त्याच सामन्यात चार्जर्सच्या फिलिप रिव्हर्सने फेकींतून एकूण 455 यार्ड मिळवले होते. निकाल मात्र 27-20 असा सिअ‍ॅटलच्या बाजूने लागला. किकऑफ परतवताना पळलेले ते 200 यार्ड ना एका संघाच्या आक्रमणाच्या खात्यात जमा होतात, ना दुसऱ्याच्या बचावाच्या. ज्या जागी सामना हातचा गेला, ती जागाच या मापाच्या बाहेर राहते.

उलट बाजूचे उदाहरण 2011 चे. ग्रीन बे पॅकर्सचा बचाव यार्डांच्या क्रमवारीत 32 पैकी 32 वा होता आणि संघाने 16 पैकी 15 सामने जिंकले. आक्रमण लवकर मोठी आघाडी मिळवून देत असे; मग पिछाडीवरचा प्रतिस्पर्धी सतत फेक करी, त्यात यार्ड मिळत आणि इंटरसेप्शनही होत, म्हणजे बचाव ती फेक मध्येच झेलून चेंडू ताब्यात घेई. त्या वर्षी सर्वाधिक 31 इंटरसेप्शन पॅकर्सच्याच नावावर होते. एकूण यार्ड हा आकडा संघाच्या दर्जाइतकाच सामन्याच्या परिस्थितीचा परिणाम असतो.

एकूण यार्ड तक्त्यात घ्यायचे नाहीत, असे ठरले.

28 जून 2025

आज विजयसंख्या आणि गुणफरक यांच्यावर काम केले. बेसबॉलसाठी बिल जेम्स यांनी मांडलेले पायथागोरस सूत्र डॅरिल मोरी यांनी फुटबॉलसाठी जुळवून घेतले. त्यात घातांक 2 ऐवजी 2.37 येतो. संघाने केलेल्या गुणांचा 2.37 वा घात भागिले केलेल्या आणि दिलेल्या गुणांच्या त्याच घातांची बेरीज, हे अपेक्षित विजयांचे प्रमाण. सूत्र इतके साधे आहे की कागदावरही करून पाहता येते.

सहकाऱ्यांच्या आग्रहाने पहिला संघ घेतला तो 2022 चा मिनेसोटा वायकिंग्ज. केलेले गुण 424, दिलेले 427. सूत्राप्रमाणे अपेक्षित विजय 8.4 येतात, प्रत्यक्षात 13 विजय आणि 4 पराभव. मी सर्व सामन्यांचे फरक एका ओळीत मांडले. आठ किंवा कमी गुणांच्या फरकाने त्यांनी 11 सामने जिंकले आणि असा एकही सामना गमावला नाही. त्या 11 विजयांचा एकत्रित फरक अवघा 54 गुणांचा. उरलेले दोन विजय प्रत्येकी 16 गुणांचे. चार पराभवांचे फरक मात्र 17, 37, 11 आणि 24. त्यातला 37 चा आकडा डलासविरुद्ध घरच्या मैदानावर 40-3 असा हरलेल्या सामन्याचा. प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत न्यूयॉर्क जायंट्सने त्यांना 31-24 असे हरवले आणि पुढच्या हंगामात विजय 7 वर आले.

सहकाऱ्यांचे म्हणणे वेगळे पडले, आणि ते मी मुद्दाम नोंदवून ठेवतो: “तुम्ही याला योगायोग म्हणता, पण अटीतटीच्या वेळी डोके शांत ठेवणे हाही संघाचा गुणच नाही का?” प्रश्न रास्त आहे. नाणेफेकीच्या हिशोबाने सलग 11 सामने जिंकण्याची शक्यता 2048 मध्ये 1 इतकी असते. संघ खरोखर थोडा सरस असून प्रत्येक चुरशीचा सामना जिंकण्याची शक्यता 60 टक्के धरली, तर ती साधारण 275 मध्ये 1 होते. दरवर्षी 32 संघ खेळतात हे लक्षात घेतले, तर काही हंगामांमागे असा एखादा संघ दिसणे स्वाभाविकच आहे. कौशल्याचा वाटा नाकारण्याची गरज नाही. पण एका हंगामातली चुरशीच्या सामन्यांची कामगिरी पुढच्या हंगामात टिकत नाही, हे अनेक वर्षांच्या निकालांवरून दिसते, आणि आमच्या कसोटीला तेवढे पुरेसे आहे.

5 जुलै 2025

गुणफरक हाही डोळे मिटून घेण्यासारखा आकडा नाही. 2024 चा कॅन्सस सिटी चीफ्स संघ पाहिला. 15 विजय, 2 पराभव. केलेले गुण 385, दिलेले 326. सूत्रानुसार अपेक्षित विजय 10.2. या संघानेही चुरशीचे 11 च्या 11 सामने जिंकले होते. पण शेवटच्या आठवड्यातला सामना बारकाईने पाहावा लागतो. 5 जानेवारी 2025 ला डेन्व्हरमध्ये चीफ्स 38-0 असे हरले. अव्वल मानांकन आधीच निश्चित झाल्यामुळे पॅट्रिक माहोम्ससह प्रमुख खेळाडूंना विश्रांती दिली होती आणि क्वार्टरबॅक, म्हणजे फेकी करणारा आक्रमणाचा सूत्रधार, म्हणून कार्सन वेंट्झ उतरला होता. तो एक सामना वगळला, तर 59 चा गुणफरक 97 होतो आणि 16 सामन्यांत अपेक्षित विजय 10.6 होतात. एका सामन्याने हंगामभराच्या मापावर एवढा परिणाम होत असेल, तर त्या सामन्यात मैदानावर कोण होते याची नोंद तक्त्यात असलीच पाहिजे.

म्हणून प्रत्येक सामन्यापुढे सुरुवातीचा क्वार्टरबॅक कोण, हा रकाना वाढवला. 2023 च्या वायकिंग्जसाठीही तो लागतोच, कारण ऑक्टोबरअखेरीस ग्रीन बे येथे कर्क कझिन्सच्या टाचेचा स्नायुबंध तुटला आणि त्यानंतरचा संघ आधीच्या संघापेक्षा वेगळा धरावा लागतो.

13 जुलै 2025

क्वार्टरबॅकचे अधिकृत मानांकन, ज्याला पासर रेटिंग म्हणतात, त्याची आज चिरफाड केली. 1973 पासून एनएफएल ते वापरते आणि त्याची कमाल मर्यादा 158.3 आहे. त्यात चार घटक असतात: यशस्वी फेकींचे प्रमाण, प्रति फेक यार्ड, टचडाउनचे प्रमाण आणि इंटरसेप्शनचे प्रमाण. उदाहरणादाखल 30 फेकी, 20 यशस्वी, 240 यार्ड, 2 टचडाउन, 1 इंटरसेप्शन अशी कामगिरी घेतली. चार घटक अनुक्रमे 1.833, 1.250, 1.333 आणि 1.542 येतात, बेरीज सहाने भागून शंभराने गुणली की मानांकन 99.3.

सूत्रातले गुणक यार्डांच्या भाषेत मांडले की त्यामागचे गृहीतक उघडे पडते. यार्ड वगळता नुसती फेक यशस्वी होणे हे 20 यार्डांइतके मोलाचे ठरते, टचडाउन 80 यार्डांइतका आणि इंटरसेप्शन म्हणजे 100 यार्डांचे नुकसान. क्वार्टरबॅक फेकीआधीच पकडला गेला, म्हणजे सॅक झाला, तर सूत्राला त्याचा पत्ताही नसतो. तिसऱ्या डाउनला (दहा यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी प्रत्येक म्हणजे एक डाउन) 12 यार्ड हवे असताना 4 यार्डांची सुरक्षित फेक केली तर यशस्वी फेकीचे श्रेय मिळते, आणि संघाला मात्र पंट करावा लागतो. टचडाउनला 80 यार्डांचे मोल देणेही पटत नाही. एक यार्डावरून फेक करून टचडाउन केला की क्वार्टरबॅकला भरघोस श्रेय, आणि तोच चेंडू धावपटूच्या हाती दिला की काहीच नाही, असा हा हिशोब आहे.

यापेक्षा प्रति प्रयत्न समायोजित निव्वळ यार्ड हे माप कितीतरी सरस आहे. त्यात टचडाउनचे 20 यार्ड मिळवतात, इंटरसेप्शनचे 45 यार्ड वजा करतात, सॅकमध्ये गेलेले यार्डही वजा करतात, आणि फेकी व सॅक यांच्या बेरजेने भागतात. वरच्याच कामगिरीत 3 सॅक आणि 21 यार्डांचे नुकसान धरले, तर 214 भागिले 33, म्हणजे 6.48 येतात. खेळीनिहाय, म्हणजे प्रत्येक चालीच्या, नोंदी उपलब्ध नसलेल्या जुन्या हंगामांसाठी आम्ही हेच माप वापरणार आहोत.

26 जुलै 2025

प्रकल्पाचा कणा आज उभा राहिला, आणि त्याबद्दल सविस्तर लिहिणे आवश्यक आहे.

सेबॅस्टियन कार्ल आणि बेन बॉल्डविन यांनी तयार केलेले एनएफएलफास्टआर हे मुक्त सॉफ्टवेअर पॅकेज 1999 पासूनच्या प्रत्येक खेळीची नोंद देते. त्यातला आमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा स्तंभ म्हणजे ईपीए, अर्थात खेळीमुळे अपेक्षित गुणांत झालेली वाढ किंवा घट. कल्पना जुनी आहे. सिनसिनाटी बेंगल्सचा क्वार्टरबॅक व्हर्जिल कार्टर आणि रॉबर्ट मॅकॉल यांनी 1971 मध्येच मैदानावरच्या प्रत्येक जागेला गुणांत किंमत देणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. स्वतः मैदानात चेंडू फेकणाऱ्या माणसाने हा विचार मांडला, याचे मला विशेष कौतुक वाटते.

क्रिकेट जाणणाऱ्या वाचकाला ही कल्पना डकवर्थ-लुईस पद्धतीवरून चटकन उमगेल. तिथे उरलेली षटके आणि हाती असलेले गडी मिळून ‘साधनसंपत्ती’ ठरते. इथे डाउन, हवे असलेले यार्ड, मैदानावरची जागा आणि उरलेला वेळ मिळून पुढे किती गुणांची अपेक्षा धरावी हे ठरते. स्वतःच्या 25 यार्डांच्या रेषेवर पहिला डाउन असेल तर ही किंमत साधारण एका गुणाच्या आसपास असते. प्रतिस्पर्ध्याच्या 20 यार्डांवर ती चारच्या घरात जाते. खेळीआधीची किंमत आणि खेळीनंतरची किंमत यांतला फरक म्हणजे ईपीए.

त्यामुळे यार्डांना त्यांचा खरा अर्थ प्राप्त होतो. तिसऱ्या डाउनला 1 यार्ड हवा असताना मिळालेले 2 यार्ड धनात्मक ठरतात, आणि 12 हवे असताना मिळालेले 8 यार्ड ऋणात्मक. इंटरसेप्शन, सॅक, दंड, पंट, परतवलेली किक या सगळ्यांचे मोल गुण या एकाच एककात मोजता येते. चार्जर्सला बुडवणाऱ्या त्या किकऑफ परतीही इथे आपसूक हिशोबात येतात.

दुसरा लाभ नमुन्याच्या आकाराचा. सामने 17 च असले, तरी प्रत्येक संघ हंगामात आक्रमणाच्या हजाराहून अधिक खेळी खेळतो आणि बचावाच्याही तितक्याच. प्रति खेळी सरासरी काढली की योगायोगाचा गोंधळ बराच आवरतो.

ईपीएच्या जोडीला यशदर ठेवला आहे: किती टक्के खेळींत ईपीए शून्याच्या वर गेला. एखाद्या संघाची सरासरी दोन-तीन लांबलचक टचडाउनमुळे फुगलेली असते आणि यशदर बेताचा. दुसरा संघ सातत्याने चार-पाच यार्ड मिळवत पुढे सरकतो. हे दोन्ही आकडे शेजारी ठेवल्यावर संघाचा स्वभाव दिसतो.

9 ऑगस्ट 2025

छाटणीचे नियम. वेळ वाया घालवण्यासाठी गुडघा टेकणे आणि घड्याळ थांबवण्यासाठी चेंडू जमिनीवर आपटणे या खेळी वगळल्या. निकाल जवळजवळ ठरलेला असताना, म्हणजे एका संघाची विजयाची शक्यता 95 टक्क्यांच्या वर गेल्यावर, होणाऱ्या खेळींना कमी भारांक द्यायचे ठरले. पूर्ण वगळल्यास पिछाडीवरून परतलेल्या संघांवर अन्याय होतो. 17 डिसेंबर 2022 ला वायकिंग्ज इंडियानापोलिसविरुद्ध 33-0 असे मागे असताना 39-36 असे जिंकले, तेव्हा त्यांचा उत्तरार्धातला जवळजवळ सगळा खेळ या छाटणीत नाहीसा झाला असता. सहकाऱ्यांनी हे उदाहरण समोर ठेवले आणि मला ते मान्य करावेच लागले.

धावांच्या, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळण्याच्या, खेळींबद्दलही स्पष्टता आली. “तीसहून अधिक वेळा धाव घेणारा संघ जिंकतो” हे समालोचनात अनेकदा ऐकू येणारे विधान कार्यकारणभाव उलटा करते. आघाडी मिळाली की संघ घड्याळ संपवण्यासाठी धाव घेतात. धाव घेतल्याने आघाडी मिळालेली नसते. चेंडू ताब्यात असलेल्या वेळेचा आकडाही याच कारणाने बाद केला. प्रति खेळी पाहिले तर फेकीचा ईपीए विजयाशी धावेच्या ईपीएपेक्षा कितीतरी घट्ट जोडलेला आहे. म्हणून दोन्हींचे रकाने वेगळे ठेवले.

17 ऑगस्ट 2025

चेंडू गमावणे आणि मिळवणे हा सर्वांत अवघड भाग आहे, कारण निकालावर त्याइतका मोठा परिणाम दुसऱ्या कशाचाच नसतो आणि पुढच्या भाकितासाठी त्याइतके बेभरवशाचेही दुसरे काही नाही.

13 नोव्हेंबर 2022 चा बफेलोतला सामना आम्ही खेळीगणिक वाचला. बफेलो 27-23 असे पुढे होते. वायकिंग्जचा कझिन्स चौथ्या डाउनला गोलरेषेवर अडवला गेला. सामना तिथेच संपल्यात जमा होता. आता बफेलोच्या जॉश अ‍ॅलनने स्वतःच्या गोलरेषेवर फक्त चेंडू घ्यायचा आणि पुढे रेटायचे होते. तो चेंडू त्याच्या हातून निसटला आणि एंड झोनमध्ये, म्हणजे गोलरेषेमागच्या पट्ट्यात, एरिक केंड्रिक्सने त्यावर झडप घातली: टचडाउन, 41 सेकंद शिल्लक. पुढे बरोबरी झाली आणि जादा वेळेत वायकिंग्ज 33-30 असे जिंकले. ही एक खेळी जशीच्या तशी हिशोबात घेतली, तर वायकिंग्जच्या बचावाला सुमारे सात गुणांचे श्रेय जाते, आणि तो बचाव त्यामुळे पुढच्या आठवड्यात काडीमात्र सुधारलेला नसतो.

जमिनीवर पडलेला चेंडू कोणाच्या हाती लागेल हे दीर्घकाळात जवळजवळ निम्मे-निम्मे असते. म्हणून आमचा नियम असा: चेंडू निसटला याचे श्रेय आणि दोष पूर्ण मोजायचे, पण तो कोणाला मिळाला याऐवजी दोन्ही शक्यतांची सरासरी लावायची. इंटरसेप्शनबाबत आक्रमणाचा दर थोडा टिकतो, कारण तो क्वार्टरबॅकच्या निर्णयक्षमतेशी निगडित आहे; बचावाचा दर मात्र वर्षागणिक फार बदलतो. त्यामुळे बचावाच्या इंटरसेप्शनना सरासरीकडे अधिक जोराने ओढायचे. हाच न्याय तिसऱ्या डाउनच्या कामगिरीला लागू केला, कारण त्या खेळी कमी असतात. पहिल्या दोन डाउनमधला ईपीए भाकितासाठी अधिक विश्वासार्ह आहे. आक्रमण बचावापेक्षा अधिक स्थिर असते, हे लक्षात घेऊन आक्रमणाला जास्त भारांक दिला.

24 ऑगस्ट 2025

प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा. प्रत्येक संघ गटातल्या तीन संघांशी दोनदा खेळतो, म्हणजे 17 सामन्यांत त्याची गाठ 31 पैकी केवळ 14 संघांशी पडते. ही तफावत दूर करण्यासाठी 32 आक्रमणे, 32 बचाव आणि घरचे मैदान असे घटक घेऊन रिज प्रतिगमन (कमी माहितीवरचे अंदाज सरासरीकडे ओढणारी संख्याशास्त्रीय पद्धत) बसवले. पहिल्या काही आठवड्यांत माहिती तोकडी असल्याने गेल्या हंगामाचा अंदाज सरासरीकडे झुकवून पाया म्हणून वापरायचा, आणि क्वार्टरबॅक बदलला असेल तर तो पाया आणखी सैल करायचा.

30 ऑगस्ट 2025

4 सप्टेंबरला फिलाडेल्फियात ईगल्स आणि काउबॉइज यांच्या सामन्याने हंगाम सुरू होईल. त्याआधी तक्त्याची व्याख्या गोठवली. निकाल पाहून भारांक बदलण्याचा मोह टाळण्याचा तोच एक प्रामाणिक मार्ग आहे.

रकाने असे राहतील: प्रतिस्पर्धी-समायोजित ईपीए, आक्रमण आणि बचाव स्वतंत्र, प्रत्येकात फेक आणि धाव वेगळी, पहिल्या दोन डाउनचा यशदर, विशेष संघांचा (किक आणि पंटच्या खेळींचा) ईपीए, भारांक अगदी कमी, चेंडू मिळण्या-गमावण्यातला योगायोगाचा अंदाजे वाटा, केवळ माहितीसाठी, आणि सुरुवातीचा क्वार्टरबॅक.

सहकाऱ्यांनी आणखी एक रकाना मागितला: प्रत्यक्ष विजय आणि पराभव, अपेक्षित विजयांच्या शेजारी. तो भाकितात कुठेही वापरला जाणार नाही, तरी मी तो ठेवला आहे. प्लेऑफच्या जागा विजयांवर ठरतात, ताकदीवर नव्हे. 2011 मध्ये 394 गुण करून 400 देणारे, 9 विजयांचे जायंट्स प्लेऑफमध्ये शिरले, 15 विजयांच्या पॅकर्सना त्यांच्याच मैदानावर 37-20 असे हरवून पुढे गेले आणि विजेते ठरले. पहिल्या आठवड्याचे आकडे मंगळवारी भरायचे आहेत, कारण सोमवारचा सामना संपल्याशिवाय प्रतिगमन चालवता येत नाही.